भूकंप परदेशी, दुखणे घरी

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरून बाहेरदेशी जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची कितीतरी मुले आखातात नोकरीला आहेत, काही बोटीवर आहेत. कोणाचा मुलगा जपानात तर कोणाची लेक अमेरिकेत आहे. निवृत्तीनंतर पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन यावे म्हणून नेपाळची सहल करणारी जोडपीही आपल्याकडे पुष्कळ. यांपैकी नेपाळ, जपान आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा हे मोठ्या भूकंपांचे प्रदेश आहेत. परक्या मुलखात धरणी हलली तर शरीराचे काय होते आणि माणूस घरी परतल्यावर काय सांभाळायचे, हा आजचा विषय.

नेपाळचा धडा

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळी वेळेप्रमाणे सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यात होते. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला. शाळांना सुट्टी होती, म्हणून असंख्य मुले वाचली. दुसऱ्याच दिवशी पुन्हा मोठा धक्का बसला आणि १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा. लोकांनी टुंडीखेलच्या मैदानावर, रस्त्यांवर, पावसात रात्री काढल्या. भारताने ‘ऑपरेशन मैत्री’ हाती घेतले आणि अडकलेल्या आपल्या लोकांना हवाई दलाच्या विमानांनी दिल्लीला आणले.

त्या वेळी परतलेले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी माझे नेहमीचे पेशंट. दोघांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. घरी पेढे वाटून झाले होते. पण गुरुजींना थकवा जाईना, म्हणून मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन आला. रक्तातील साखर ४१० आणि बी.पी. १९० वर ११० निघाले. औषधांची पिशवी हॉटेलच्या खोलीत राहिली होती आणि खोलीत जायला कोणी देत नव्हते. सहा दिवस एकही गोळी पोटात गेली नव्हती. आल्यावरही “आता आलोच आहोत, सावकाश बघू” असे चालले होते.

काकू मात्र गप्प बसून होत्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, “मला काही नाही हो डॉक्टर, यांचं बघा.” मुलगाच म्हणाला, “आई रात्री आत झोपत नाही. पडवीत बसून असते, आणि दाराला कडी लावू देत नाही.”

भूकंप मिनिटभरात आटोपतो. माणसाच्या शरीरातला आणि मनातला भूकंप पुढे कित्येक आठवडे चालतो. पहिला आपल्या हातात नाही. दुसरा पुष्कळसा आहे.

पहिला मिनिट

जमीन हलू लागली की पळत सुटू नये. जिने आणि लिफ्ट यांच्या वाटेला जाऊ नये. पळताना पडून आणि वरून पडणाऱ्या वस्तूंनी फार इजा होतात. खाली वाकावे, भक्कम टेबलाखाली शिरावे, एका हाताने डोके झाकावे आणि दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरावा. अंथरुणात असाल तर तिथेच पालथे होऊन उशी डोक्यावर घ्यावी. बाहेर असाल तर इमारती व विजेच्या तारांपासून दूर उभे राहावे. समुद्रकिनारी असाल आणि धक्का जोराचा किंवा लांबलेला असेल, तर थांबल्याबरोबर उंचावर जावे. त्सुनामीच्या सूचनेची वाट पाहू नये. समुद्र पाहायला किनाऱ्यावर जाण्याचा मोह आपल्या लोकांना विशेष होतो, तो टाळावा.

दबलेला माणूस

ढिगाऱ्याखालून काढलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि काही वेळाने तो अचानक दगावतो. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. १९४१ साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील जखमींवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. मांडी किंवा दंड कित्येक तास चेपला गेला की तेथील स्नायू मरतात. वरचा भार निघताच त्यांतील पोटॅशियम व इतर द्रव्ये रक्तात मिसळतात. पोटॅशियमने हृदय थांबू शकते, स्नायूतील रंगद्रव्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून बराच वेळ दबलेल्या माणसाला, तो कितीही ठणठणीत वाटला तरी, रुग्णालयात पोचवावेच. शक्य असेल तर भार काढण्याआधीच सलाईन सुरू करतात. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा बंद झाली तर एक तासही दवडू नये.

जखम लहान असली तरी स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. धनुर्वात बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढतो. म्हणजे माणूस घरी पोचल्यावर.

हृदयावरचा धक्का

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथे त्याआधीच्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक दगावणाऱ्यांची रोजची सरासरी ४.६ होती. भूकंपाच्या दिवशी तो आकडा २४ झाला. भीतीने रक्तदाब एकदम चढतो आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तो ताण सोसत नाहीत.

जपानात २००४ साली निगाता भागात भूकंप झाला तेव्हा डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. काही जणींच्या, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांच्या, छातीत हार्ट अटॅकसारखेच दुखू लागले. पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. हृदयाचा खालचा भाग तेवढा फुग्यासारखा फुगला होता. या विकाराला ताकोत्सुबो म्हणतात. तो शब्द म्हणजे ऑक्टोपस धरण्याचे जपानी मडके. हृदयाला तसाच आकार येतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु छातीतले दुखणे “घाबरल्यामुळे” आहे असे घरच्या घरी ठरवू नये. ई.सी.जी. काढावाच.

त्याच निगातामध्ये घरात जायच्या भीतीने लोक रात्रंदिवस मोटारीत बसून राहिले. पाय लोंबते ठेवून न हलता बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि काहींच्या फुप्फुसात जाऊन त्या प्राणघातक ठरल्या. गाडीत झोपण्याची वेळ आलीच तर दर दोन तासांनी उतरून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात. लघवीला जावे लागते म्हणून पाणी पिणे कमी करू नये.

पहिले तीन दिवस

मोठ्या धक्क्यानंतर निदान तीन दिवस आपणच आपले वाली, असे धरून चालावे. पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्यावे. पाण्याच्या नळ्या फुटल्या की जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे फावते. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. फोन लागत नसेल तर निरोप लिहून पाठवावा. बोलणे जात नाही तिथे तो बरेचदा जातो. आणि भारतीय वकिलातीला आपला ठावठिकाणा कळवावा.

बी.पी.च्या काही गोळ्या, फिटच्या गोळ्या, स्टिरॉइड्स आणि इन्सुलिन एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. म्हणून प्रवासात किमान सात दिवसांची औषधे, औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद, पासपोर्टची नक्कल आणि घरचा फोन नंबर अशी एक लहान पिशवी सतत अंगावर ठेवावी. रात्री ती उशाशी, चपलांजवळ असावी. फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालावे लागू नये, म्हणून चपला. इन्सुलिनसाठी फ्रीज मिळाला नाही तरी वापरात असलेली बाटली थंड सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. उन्हात मात्र ठेवू नये.

घरी परतल्यावर

बोटीवरून आठ-दहा दिवसांनी उतरलेल्या आपल्या कोळीबांधवांना विचारा. जमिनीवर पाय ठेवला तरी पायाखाली लाटा हलत राहतात. भूकंपातून आलेल्या माणसाचे तसेच होते. पंखा हलला, ट्रक गेला की तो दचकतो. चक्कर येते, झोप लागत नाही, स्वप्नात भिंती पडतात. हे वेड नव्हे आणि नाटकही नव्हे. मेंदू अजून पहाऱ्यावर उभा असतो. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतरही धडधाकट घरांत जायला माणसे कचरत होती.

बहुतेकांचा हा त्रास चार ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरतो. “सुखरूप आलात ना, मग झालं” म्हणून विषय बंद करू नये, आणि प्रत्येक पाहुण्याला तीच हकीकत सांगायलाही लावू नये. त्यांना वाटेल तेव्हा बोलू द्यावे. भूकंपाची दृश्ये टी.व्ही.वर व मोबाईलवर पाहणे बंद करावे. जेवणाच्या व झोपेच्या वेळा पाळाव्यात, रोज चालावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि दारूचा आधार तर मुळीच घेऊ नये.

महिना उलटूनही झोप येत नसेल, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, माणूस घरात शिरायचे टाळत असेल किंवा “मीच का वाचलो?” असे म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर महिनाभर थांबू नये. सरकारची टेली-मानस ही फुकट दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

गुरुजींची साखर तीन आठवड्यांत ताब्यात आली. काकूंसाठी पहिले काही दिवस दार उघडे ठेवून पडवीलगतच्या खोलीत अंथरूण घालायला सांगितले, सोबतीला नात. मग दर आठवड्याला एक खोली आत. दीड महिन्याने त्या आपल्या जागी झोपू लागल्या.

आपल्या घरचे कोणी अशा प्रसंगातून परतले, तर आठवड्याच्या आत बी.पी., साखर, जखमा आणि पायांची सूज तपासून घ्यावी. आणि ज्याच्या अंगावर काहीच खूण नाही, त्याला आधी विचारावे, “रात्री झोप लागते का?”