पाहुणा इटलीचा, मुक्काम तेरला

प्रश्न : मुलाचा इटलीतला सहकारी भारतात पहिल्यांदाच येतोय. पहिला आठवडा तो आमच्याकडे, तेरला राहील. काय तयारी करावी? – एक वाचक, तेर

उत्तर : तो घरी उतरल्याची ऑनलाइन नोंद 24 तासांत करा, यजमानावर ते बंधनकारक आहे. पहिले दोन दिवस विश्रांती, उकळून गार केलेलं पाणी, कमी तिखटाचं वरण आणि ज्वारीची गरम भाकरी. वाढताना आग्रह नको.

मग लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवा. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये त्याच्याच देशात, पॉम्पेईत सापडली. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातलं ‘तगर’ म्हणजे तेरच. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. विटांचं त्रिविक्रम मंदिर आणि गोरोबाकाकांची समाधीही चुकवू नका. तेर आणि इटलीचं दोन हजार वर्षांचं हे नातं त्याला अभिमानानं सांगा.