उमर खय्याम

बाजार, कागद, जमीन, हजार. हे शब्द आपण रोज बोलतो. भाईंदरच्या बाजारात भाजी घेताना ते परके वाटतात का? मुळीच नाही. पण हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले. फारसी ही इराण देशाची भाषा. त्या भाषेतील एका थोर पुरुषाची ओळख आज करून घेऊ.

त्याचे नाव उमर खय्याम. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. त्याचा जन्म सन १०४८ मध्ये निशापूर गावी झाला. तो मोठा गणिती होता. बीजगणितावर त्याने ग्रंथ लिहिला. सुलतान मलिकशाहाने त्याला व इतर विद्वानांना इस्फहान शहरी बोलावले. त्यांनी आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेतले, वर्षाचे दिवस बारकाईने मोजले आणि सन १०७९ मध्ये नवे पंचांग सुरू झाले. वसंतात दिवस व रात्र सारखी होतात, तेव्हा वर्षारंभ धरला. इराणात आजही नवे वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. आपल्या मुंबईकडचे पारशी बांधवही त्याच सुमारास जमशेदी नवरोज पाळतात.

खय्यामच्या नावावर रुबायाही आहेत. रुबाई म्हणजे चार ओळींची कविता. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखी आटोपशीर! माणूस कोठून आला, कोठे जाणार, असे तिच्यात विचारलेले असते. आयुष्य थोडे आहे, आजचा दिवस वाया घालवू नका, असेही सांगितलेले असते. तिच्यात मद्याचा प्याला वारंवार येतो. म्हणून कोणी त्याला चैनी म्हणतात. कोणी म्हणतात, तो प्याला ईश्वरप्रेमाचा. शिवाय त्याच्या नावावरच्या साऱ्याच रुबाया त्याच्या नव्हेत. तेव्हा घाईने निकाल देऊ नये. सन ११३१ मध्ये खय्याम वारला.

पुढे सन १८५९ मध्ये फिट्झजेरल्ड नावाच्या इंग्रज कवीने या रुबाया इंग्रजीत आणल्या. त्या जगभर गाजल्या. मराठीत त्या आणल्या माधव जूलियन यांनी. त्यांचे खरे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसी शिकवीत. सन १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. सन १९२९ मध्ये त्यांनी रुबायांचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. परकी लिपी शिकण्याचे कष्ट त्यांनी घेतले, म्हणून आठशे वर्षांपूर्वीचा कवी मराठी माणसाच्या घरी आला.

आमच्या वर्गातील एक आजी मला म्हणाल्या, "मास्तर, आता या वयात शिकून काय करायचं? दिवस राहिले किती?" मी म्हटले, "आजी, दिवस थोडे आहेत हे खय्यामही जाणून होता. पण तो हात बांधून बसला नाही. त्याने तेच दिवस मोजले, नि जगाला पंचांग मिळालं." आजी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधी येऊन बसल्या, आणि पाटीवर त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

दिवस थोडे, म्हणूनच आजचा धडा उद्यावर टाकू नये.

नवे शब्द : वेध घेणे – ग्रहताऱ्यांची जागा पाहून मोजणे. कोश – शब्दांचे अर्थ सांगणारे पुस्तक.

प्रश्न :
१. रुबाई म्हणजे काय?
२. खय्यामच्या काळी नवे पंचांग कोणत्या साली सुरू झाले?
३. फारसीतून आलेले तीन शब्द वहीत लिहा.