टोल्युइनच्या गोदामासाठी फोर्कलिफ्ट

प्रश्न : आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात टोल्युइनची पिंपे हलविण्यासाठी फोर्कलिफ्ट घ्यावयाची आहे. विजेरीवर चालणारी साधी गाडी धूर सोडीत नाही. ती सुरक्षित मानावी काय?

उत्तर : मुळीच मानू नये. धूर नसला तरी मोटर, स्विच आणि ब्रेक यांतून ठिणगी व उष्णता निर्माण होतेच. आणि टोल्युइनची वाफ हवेहून सुमारे तिप्पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत, म्हणजे नेमकी गाडीच्या यंत्रसामग्रीभोवती, साचून राहते. यास्तव दरपत्रके मागविण्यापूर्वी आवाराचे क्षेत्रवर्गीकरण तज्ज्ञाकडून करवून घ्यावे : नित्याच्या कामकाजात स्फोटक मिश्रण अधूनमधून संभवते ते क्षेत्र १, क्वचित आणि अल्पकाळच संभवते ते क्षेत्र २. गाडी जेथे जेथे फिरणार त्यांतील सर्वांत कडक क्षेत्रास ती पात्र असली पाहिजे. टोल्युइन आयआयए वायुगटात मोडते. परंतु पुढे तेथे ईथर येण्याचा संभव असेल, तर आजच आयआयबी गट आणि टी४ वर्ग, म्हणजे पृष्ठभागाचे तापमान १३५ अंश सेल्सिअसच्या आत, अशी अट खरेदीच्या करारनाम्यात नमूद करावी.

केवळ मोटरचा दाखला दाखविणाऱ्या विक्रेत्यास मी तरी दारातूनच परत पाठवीन. दाखला संपूर्ण गाडीचा हवा, आणि विद्युत्‌सामग्रीस नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची मंजुरी आहे की नाही, हे मूळ कागदपत्रांवरून पडताळावे. काट्यांवर ठिणगीरोधक आवरण आणि विद्युत्‌वाहक टायर आवश्यकच समजावेत. शिसे-आम्ल विजेरी भारित होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून ते काम वर्गीकृत क्षेत्राबाहेर, हवेशीर जागीच करावे.