फटफटीचा पिवळा दिवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या पुढच्या चाकाचे पंक्चर काढून घरी आला. जाताना नव्हता असा एक पिवळा दिवा फटफटीवर लागला होता. पंक्चरवाल्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. म्हणाला, "गाडी चालतेय ना? मग दिव्याकडे बघूच नका." पुतण्याला ते पटले. मला काही पटेना.

तो दिवा कसला? गोलात ए, बी, एस अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या फटफट्यांना ही सोय सक्तीची आहे.

समजा, ओल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. आपण ब्रेक गच्च दाबतो. चाक फिरायचे थांबते, पण गाडी काही थांबत नाही. चाक घसरत जाते आणि माणूस पडतो. ए.बी.एस. असे होऊ देत नाही. चाक अडकू लागले, की ते ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा दाबते, पुन्हा सैल करते. एका सेकंदात अनेक वेळा! तेव्हा ब्रेकचा दांडा हाताला थरथरतो. घाबरून सोडू नका. दाबून धरा.

चाक अडकते आहे, हे त्याला कळते कसे? चाकाबरोबर खाचांची एक लोखंडी कडी फिरते. तिच्याजवळ एक लहानसा सेन्सर असतो. तो खाचा मोजतो. जसा वैद्य नाडी मोजतो तसाच. दोघांत अगदी बारीक फट असते. चिखल बसला, कडी वाकली, वायर तुटली, की मोजणी चुकते. मग ए.बी.एस. आपण होऊन बंद पडते आणि दिवा लावून तसे सांगते. साधा ब्रेक मात्र चालू असतो. म्हणूनच माणूस फसतो. खरी गरज पडेपर्यंत त्याला काही कळत नाही.

किल्ली फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर तोही बिघाडच. गाडी थोडा वेग घेते, तेव्हा तो विझला पाहिजे. विझला नाही, तर बाजूला थांबा. किल्ली बंद करून पुन्हा सुरू करा, थोडे पुढे जाऊन पाहा. मधल्या स्टँडवर नुसते मागचे चाक फिरवले, तरी दिवा लागू शकतो. पुढचे चाक स्थिर असते ना! तो बिघाड नव्हे.

तरीही दिवा राहिला, तर सेन्सर ओल्या फडक्याने पुसा. वायर पाहा. फ्यूज जळाला असेल, तर तितक्याच अँपिअरचा घाला. तिथे तार गुंडाळू नका, आग लागेल. बॅटरी उतरली असली तरी दिवा लागतो. पण ब्रेकचा दांडाच मऊ लागत असेल, तर गाडी मुळीच चालवू नका. ते दुखणे निराळे.

आम्ही चिकटपट्टी काढली. पुढचे चाक पुसून घेतले. दिवा काही विझेना. मग चाक हाताने हळूहळू फिरवले, तेव्हा दिसले. कडी एका जागी दबली होती. टायर काढताना तिच्यावर लोखंडी पट्टी टेकली असणार. पुतण्या हातोडी आणायला निघाला. मी त्याला थांबवले. ठोकून कडी सरळ होत नाही, आणखी वाकते.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला गॅरेजात गेला. एकटाच, सावकाश, ब्रेक हलके दाबत. नवी कडी बसवली. गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच दिवा विझला.