बाळ-बाळंतिणीची सेवा : विद्यार्थिनींसाठी एक व्यवसाय-मार्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले की समाजातील पालक आम्हांला एकच प्रश्न विचारतात, "मुलीला पुढे कशाला घालावे?" डॉक्टरकीला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात आणि खाजगी महाविद्यालयाची फी आपल्या ऐपतीबाहेरची असते. मग आपल्या मालेगावात मुलगी एक तर घरी कांड्या भरीत बसते, नाही तर तिचे लग्न लवकर उरकले जाते. बाळ-बाळंतिणीची सेवा हे असे क्षेत्र आहे की जेथे दीर्घ पदवीवाचूनही सन्मानाने काम करता येते. त्याची माहिती विद्यार्थिनींना व्हावी, एवढ्यासाठीच हा लेख.

काम जुने, मान नवा

पूर्वी गावगाड्यात बाळंतपण सुईण करीत असे. अनेक गावांत ही सुईण अस्पृश्य मानलेल्या जातीची असे. अडल्या वेळी तिला बोलवायचे आणि काम झाले की तिचाच विटाळ मानायचा, अशी रीत होती. बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, अशी भूमिका मांडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. ज्या कामाला हलके म्हटले गेले, त्याच कामाला आज प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि नोंदणी आहे. आपल्या मुलींनी ते त्याच नव्या नात्याने करावे.

गडचिरोलीचा धडा

"कमी शिकलेली बाई काय जीव वाचवणार?" असे कोणी विचारील. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला ऊबदार ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, हे सर्व त्या शिकल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालक सेवेची योजना देशभर सुरू केली.

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक असतात. या दिवसांत डॉक्टर घरी येत नाहीत. शिकलेल्या डोळ्यांची बाई येऊ शकते. बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार किंवा तापलेले लागले, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढू लागली, अथवा बाळंतिणीला फार रक्तस्राव वा ताप असला, तर वेळ न घालविता रुग्णालय गाठायचे असते. पहिला चीक फेकायचा नाही, सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, पाणी, गुटी काही द्यायचे नाही, हे सासूबाईंना पटवायचे तेही तिनेच.

पाच वाटा

१. आशा : ही योजना २००५ साली ग्रामीण भागात सुरू झाली व २०१३ नंतर शहरांतही आली. त्याच गावची वा वस्तीची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय साधारण २५ ते ४५ आणि दहावी झालेलीस प्राधान्य. रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ती भेट देते. घरी बाळंतपण झाले असेल, तर पहिल्या दिवशीही जावे लागते.

२. अंगणवाडी सेविका व मदतनीस : २ ऑक्टोबर १९७५ पासूनची ही योजना. गर्भवती, स्तनदा माता व सहा वर्षांखालील मुले यांचा आहार, वजन व लसीकरणाला साहाय्य ही कामे असतात. आपल्या राज्यात आता दोन्ही पदांना बारावी उत्तीर्ण असावे लागते व स्थानिक रहिवासाची अट आहे. मालेगावात उर्दू बोलणाऱ्या वस्त्या मोठ्या असल्याने जाहिरातीतील भाषेची अट नीट वाचावी.

३. ए.एन.एम. : म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. बारावीनंतर दोन वर्षे, कला शाखाही चालते. वय किमान १७ वर्षे. उपकेंद्रातील 'नर्सबाई' म्हणून आपण ओळखतो ती हीच.

४. जी.एन.एम. : तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. याला मुलगेही जाऊ शकतात. केंद्र शासनाने २०१८ साली प्रसाविका सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार परिचारिकेला पुढे १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेता येते.

५. घरगुती सेवा : बाळंतिणीला मालीश करणे, बाळाला न्हाऊ-माखू घालणे हे काम आजही घरोघरी आहे आणि मोठ्या शहरांत त्याला चांगली मागणी आहे. मात्र बाळाच्या नाका-कानात तेल घालणे, धुरी देणे या गोष्टी सोडाव्यात. ज्या बाईला धोक्याची लक्षणे कळतात, तिलाच घरे विश्वासाने बोलावतात.

हिशेबाच्या चार गोष्टी

बँकेत काम करीत असल्याने आम्ही हिशेबाचे बोलणार. पहिली गोष्ट, मानधन आणि वेतन यांत फरक आहे. आशा व अंगणवाडी सेविकांना मानधन मिळते. त्या कायम सरकारी नोकर नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही लढल्यावर. म्हणून वय आणि परिस्थिती अनुकूल असेल, तर तिसरी किंवा चौथी वाट धरावी.

दुसरी गोष्ट, 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असल्या पाट्यांना भुलू नये. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्यापूर्वी पाहावे. नोंदणी झाली नाही तर हाती नुसता कागद उरतो.

तिसरी गोष्ट, शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंतच्या कौटुंबिक वार्षिक उत्पन्नावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच तयार ठेवावा आणि बँक खाते आधारशी जोडून घ्यावे. एवढ्यावाचून रकमा अडकून पडतात.

चौथी गोष्ट, शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही. पालक सहकर्जदार होतात. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमेल तर ते महिन्याचे महिन्याला भरावे.

समाजाने काय करावे

विद्यार्थिनींनो, पदवी लहान म्हणून काम लहान ठरत नाही. समाजबांधवांनीही एक करावे. आपल्या वस्तीत नोकरीत असलेल्या परिचारिका, आशा व अंगणवाडीताई यांना वर्षातून एकदा विहारात बोलावून दहावी-बारावीच्या मुलींसमोर बसवावे. अर्ज कसा भरायचा, रात्रपाळी कशी निभवायची, पहिले बाळंतपण पाहताना हात कसे थरथरतात, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. दरवर्षी दोन मुली जरी या वाटेला लागल्या, तरी दहा वर्षांत आपल्या वस्तीत वीस शिकलेले हात असतील आणि कोणत्याही घरचे बाळ पहिले २८ दिवस एकटे राहणार नाही.