सूर्यच मावळत नाही, तर शेजारती कधी?

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब नॉर्वेला जायचा विचार आहे. मध्यरात्रीचा सूर्य आणि आकाशातले हिरवे उत्तरीय प्रकाश, दोन्ही एकाच फेरीत बघता येतील का? सोबत आई आहे, ती पूर्ण शाकाहारी.
— एक वाचक, शिर्डी

उत्तर : नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. उत्तरीय प्रकाश दिसायला काळोख लागतो. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, मग काळोख आणायचा कुठून? प्रकाश बघायचा तर सप्टेंबर ते मार्च, तोही आभाळ निरभ्र असेल तर. तुमची सुट्टी मे-जूनची, म्हणजे सूर्यच निवडा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. २५ मेच्या सुमारास निघालात तर बर्फ वितळत असतो आणि धबधबे भरून वाहतात. फक्त उंचावरचे काही घाटरस्ते तेव्हा अजून बंद असू शकतात. तिथे आपल्या शेजारतीच्या वेळी ऊन असतं आणि काकड आरतीच्या वेळीही. आईंना झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्याच.

दहा दिवसांत सगळा देश उरकू नका. ओस्लोहून बर्गनची रेल्वे घ्या, जवळपास सात तासांची. ही वाट १९०९ साली पूर्ण झाली. मध्ये मिर्डालला उतरून फ्लोमची गाडी धरा: २० किलोमीटरांत साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते. तिथून नॅरॉयफ्योर्डची बोट. ही खाडी २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ट्रोम्सोला मात्र रेल्वेच नाही, ओस्लोहून विमानाने जाणंच सोयीचं.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या गर्दीत तेवढ्यावर विसंबू नका. गुरुपौर्णिमेला आयत्या वेळी खोली शोधणाऱ्यांचे हाल तुम्ही दरवर्षी बघताच! मोठ्यांना शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुंबईची वेळ मिळाली तर वंदे भारत सोयीची, पण ठसे कधीही असले तरी आदल्या दिवशीच निघा.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. बाहेरचं खाणं फार महाग पडतं. तांदूळ, डाळ, मसाले न्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं.

एक गोष्ट आईंना आधीच सांगा. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे, म्हणजे साजूक तुपाचा डबा आणि पेढे घरीच राहतील. बटाटेही नेऊ देत नाहीत.