ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा व बेहडा यांची ओळख

कोडोलीहून पश्चिमेस पन्हाळ्याच्या डोंगराकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो, उसाचे मळे मागे पडतात व झाडीचे उतार लागतात. या उतारांवर, ओढ्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर आढळणारे ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा व बेहडा हे पाचही वृक्ष वनस्पतिशास्त्राप्रमाणे टर्मिनालिया या एकाच प्रजातीत मोडतात. त्यांचे परस्परांशी साम्य असल्याने जाणत्या माणसाचीही फसगत होते.

त्यात नावांचा घोळ आहे. ऐनास काही भागांत सादडा म्हणतात आणि अर्जुनासही अर्जुनसादडा हे नाव आहे. हा घोळ केवळ शब्दांचा नव्हे. झाडे तोडण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत हिरडा, ऐन व किंजळ यांची नावे आहेत. ही झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ‘सादडा’ एवढ्याच नावावर विसंबून बांधावरील ऐन तोडणारा शेतकरी विनाकारण दंडास पात्र ठरतो. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी झाड नीट पाहावे.

प्रथम साल पाहावी, कारण ती बारमाही दिसते. जुन्या ऐनाची साल काळपट करडी असून तिला उभ्या-आडव्या खोल भेगा पडतात व चौकोनी खवले तयार होतात. सुसरीची पाठ डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे निराळे वर्णन नको. अर्जुनाची साल याच्या अगदी उलट, गुळगुळीत व फिकट असते. तिचे पातळ, रुंद पापुद्रे गळून पडतात व खाली गुलाबीसर किंवा हिरवट पांढरा रंग दिसतो. अर्जुन स्वभावतः पाण्याच्या काठचा वृक्ष होय. तरीही केवळ जागेवरून निर्णय करू नये. लावलेला अर्जुन रस्त्याच्या कडेसही वाढतो. किंजळीची साल काळसर व खरबरीत असते, परंतु तिच्या भेगा ऐनाइतक्या खोल नसतात. कोवळ्या झाडांत हा फरक स्पष्ट होत नाही. तेथे पानाकडे वळावे.

पान उलटे करून देठाजवळ पाहण्याची सवय कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी. ऐनाच्या पानाच्या मागील बाजूस, मधल्या शिरेवर तळाशी, बारीक देठ असलेल्या एक-दोन गाठी असतात. किंजळीतही गाठी त्याच ठिकाणी असतात, पण त्या बिनदेठाच्या व शिरेस चिकटलेल्या. अर्जुन व हिरडा यांच्या गाठी देठाच्या वरच्या टोकाशी, पान सुरू होते तेथे आढळतात. पानाच्या आकारावर मात्र फारसा भरवसा ठेवू नये. भाताच्या राबासाठी ज्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, त्यांच्या नव्या फुटव्यांची पाने नेहमीपेक्षा बरीच मोठी येतात.

फुलांस पाकळ्या नसतात. बारीक पांढरट-पिवळसर फुलांचे तुरे येतात. येथे फुलण्याचा काळच उपयोगी पडतो. इतर चार वृक्ष उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या आरंभी फुलतात. किंजळ मात्र पावसाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या मोठ्या तुऱ्यांनी भरून जाते आणि पुढे फळे धरली की सारे झाड तांबूस दिसू लागते. त्या दिवसांत किंजळ दुरूनही चुकत नाही.

फळ मिळाले तर शंका उरत नाही. किंजळीचे फळ लहान असून त्यास एक मोठा व दोन छोटे पंख असतात. ऐन व अर्जुन या दोघांच्याही फळांस पाच पंख. ऐनाचे पंख रुंद व पातळ असून त्यांतील शिरा सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाचे पंख अरुंद व टणक असून शिरा वरच्या बाजूस वळलेल्या असतात. औषधासाठी अर्जुनाची साल विकत घेणाऱ्याने ती काढलेल्या झाडाखालचे एक फळ मागून पाहावे, कारण बाजारात तीत ऐनाची साल मिसळली जाते.

हिरडा व बेहडा यांच्या फळांस पंख नसतात. हिरड्याचे फळ लांबट व वाळल्यावर धारदार कंगोऱ्यांचे होते. बेहड्याचे गोलसर असून त्यावर तपकिरी मखमली लव असते. बेहड्याची पाने मोठी, लांब देठांची व फांदीच्या टोकाशी झुबक्याने येणारी, आणि फुलांस उग्र दुर्गंधी. कोल्हापुरी वहाणांचे चामडे पारंपरिक रीतीने बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. त्या कामी हिरड्याची सर बेहड्यास येत नाही. सबब गोळा केलेल्या मालात बेहडा मिसळू देऊ नये. बाळहिरडा म्हणजे निराळे झाड नसून आठी धरण्यापूर्वी उतरवून वाळवलेले हिरड्याचेच कोवळे फळ होय.

एवढ्याने निर्णय न झाल्यास पाने व फुले किंवा फळे असलेली डहाळी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. सोबत सालीचा लहान तुकडा, गावाचे नाव, जागा व तारीख लिहून ती वन खात्याच्या नजीकच्या कार्यालयात दाखवावी. नुसते पान पाठवू नये.